माई नावाच्या अळीची अधिकृत हकीकत

ज्या गोष्टीला नाव नाही तिच्याविरुद्ध तक्रार करता येत नाही, तिच्यावर उपाय करता येत नाही, आणि ती मेली तर दोन मिनिटं उभंही राहता येत नाही. हे ओळखूनच काही सुज्ञ माणसांनी एक संस्था काढली आणि किड्यांना नावं ठेवण्याचं काम तिच्याकडे सोपवलं. (नावं ठेवण्याचं काम आपल्यातले बहुतेक जण विनावेतन करतात. संस्थेत त्यासाठी पदवी लागते.)

संस्थेच्या तळमजल्यावर भुंगे होते, कारण त्यांच्या पेट्या जड. पहिल्या मजल्यावर फुलपाखरं, कारण पाहुणे तिथवरच चढत. सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्वच्छतागृह आणि मोडक्या खुर्च्यांची खोली यांच्या मधल्या जागेत, ‘पतंग : इतर’ अशी पाटी होती. त्या पाटीखाली एक बाई बसत. त्यांनी आपली उमेदीची सगळी वर्षं पिशवीअळीच्या वर्गीकरणात घातली होती, म्हणून सगळी इमारत त्यांना पिशवीबाई म्हणे, तोंडावरसुद्धा. त्यांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. उवांच्या विभागातल्या गृहस्थांना काय म्हणतात ते त्यांनी ऐकलं होतं.

आता पिशवीअळी म्हणजे काय ते सांगायला हवं. ही अळी अंड्यातून बाहेर पडते आणि पहिलं काम करते ते स्वतःच्या रेशमाची पिशवी विणण्याचं. पिशवीला वरून काड्या, सालपटं, पानांचे तुकडे चिकटवते आणि ती अंगावर घेऊनच झाडभर हिंडते. खायचं झालं की डोकं बाहेर, कोणी आलं की डोकं आत. मोठेपणी नराला पंख फुटतात. तो बाहेर पडतो, पण त्याचं तोंड खाण्याच्या कामाचं नसतं. तो दोन-चार दिवस नुसताच हवेत उडतो आणि मरतो. (असे पुरुष इतर विभागांतही आढळतात, ते मात्र दोन-चार दिवसांत आटोपत नाहीत.) मादी पिशवीतच राहते. तिला पंख नाहीत, पाय नाहीत, डोळे म्हणायचे तर डोळे. नर पिशवीपाशी येतो, दारातूनच संसार उरकतो, आणि ती आत अंडी घालून आतच मरून जाते.

यावरून शास्त्राने काढलेला निष्कर्ष असा, की नर महत्त्वाचा.

त्याला सबळ कारण होतं. नराला पंख असतात, पंखांत शिरा असतात, आणि शिरांची आकृती काढता येते. मादी म्हणजे एक मऊ पिवळट वळकटी. तिची काय आकृती काढणार? त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या ग्रंथांत दहातल्या नऊ जातींपुढे ‘मादी : अज्ञात’ असं छापलेलं होतं. दहाव्या जातीपुढे ‘मादी : बहुधा अज्ञात’. मादी अज्ञात असूनही पुढची पिढी कशी येते, हा प्रश्न त्या ग्रंथांच्या कक्षेबाहेरचा होता.

विभागाचे प्रमुख या शिरांतले जाणकार. त्यांना शिरासाहेब म्हणत. एखाद्या पतंगाचा डावा पंख दिला तर ते त्याचं घराणं, कूळ आणि जात सांगत; अख्खा पतंग दिला तर जरा गोंधळत.

नावं कोणाची द्यायची, याचीही एक रीत होती. किड्याला स्वतःचं नाव देणं असभ्य समजलं जाई. त्यामुळे आपल्या उपयोगी पडेल अशा माणसाचं देत. संस्थेत नाव मिळालेल्या पतंगांपैकी एक तृतीयांश देणगीदारांचे होते, एक तृतीयांश बढती देणाऱ्यांचे. उरलेल्यांत सासरे, गुडघ्याचे डॉक्टर आणि माजी मित्र. एका पतंगाला त्याच्या रंगावरून ‘तपकिरी’ असं नाव होतं. त्या आठवड्यात कोणाला खूश करायचं नसावं.

पिशवीबाईंनी इथेच पहिली चूक केली. त्यांनी एक नवी जात जाहीर केली ती नुसत्या पिशवीवरून आणि मादीवरून, आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं.

त्यांच्या आईला सगळी गल्ली माई म्हणायची. माईंनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. वडील गेल्यावर शिलाई यंत्राच्या जोरावर मुलीला इतकं शिकवलं, की मुलगी शिकून किड्यांकडे बघत बसली. त्या अळीची पिशवी पहिल्यांदा भिंगाखाली धरली तेव्हा पिशवीबाईंना आत रेशमाचं इतकं सुबक अस्तर दिसलं, की त्यांना दुसरं कोणी आठवलंच नाही. माई. लॅटिन शेपटी लावून त्यांनी ते नाव छापून आणलं. माईंनी ते छापील पान गल्लीत सगळ्यांना दाखवलं. कोणाला एक अक्षर वाचता आलं नाही, पण प्रत्येकाने मान डोलावली.

शिरासाहेबांनी मात्र नाक मुरडलं.

“नर कुठाय?”

“नाही सापडला अजून.”

“मग जात कसली? उद्या नुसती पिशवी बघून माणूस ओळखाल तुम्ही.”

“बाजारात रोज ओळखतो की, साहेब.”

त्याच वर्षाच्या शेवटी शिरासाहेबांना संस्थेच्या आवारातल्या दिव्यावर एक तपकिरी नर सापडला. त्याच्या पंखात एक शीर जास्त होती. त्यांनी त्याला संस्थेच्या अध्यक्षांचं नाव दिलं. अध्यक्ष पाण्याच्या टाक्यांच्या धंद्यातून वर आलेले गृहस्थ. किड्यांशी त्यांचा संबंध झुरळापुरता होता. पण आपल्या नावाचा पतंग म्हटल्यावर त्यांना भरून आलं. पतंगाचं चित्र मोठं करून त्यांनी कचेरीत लावलं आणि प्रत्येक पाहुण्याला “ही जादा शीर बघा” म्हणून सांगू लागले. ग्रंथात नोंद झाली : जात, अध्यक्ष. मादी, अज्ञात.

इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. मग पिशवीबाईंनी दुसरी चूक केली. त्यांनी अळ्या पाळल्या.

संस्थेसमोरच्या रस्त्यावर दुतर्फा जुनी सावलीची झाडं होती. त्यांतल्या एका फांदीवरून त्यांनी माई जातीची एक पिशवी आणली. तिच्यातून वाळूसारख्या बारीक अळ्या बाहेर पडल्या. बाईंनी त्यांना जाळीच्या झाकणाच्या बरण्यांत ठेवलं आणि रोज ताजा पाला घातला. अळ्यांनी पिशव्या विणल्या, सगळ्यांनी एकसारख्या. यथावकाश काही पिशव्या गप्प राहिल्या, आणि काहींतून पतंग बाहेर पडले. तपकिरी. पंखात एक शीर जास्त.

बाई बरणी उचलून थेट शिरासाहेबांच्या खोलीत गेल्या.

“साहेब, हे अध्यक्ष.”

शिरासाहेबांनी उठून दाराकडे पाहिलं आणि अंगरखा सारखा केला.

“बरणीतले, साहेब. माईच्या पिशवीतून निघालेत. एकाच आईची पोरं. तुमची आणि माझी जात एकच आहे.”

शिरासाहेबांनी बराच वेळ बरणीकडे पाहिलं. तेवढ्यात एक अध्यक्ष उडत जाऊन एका गप्प पिशवीवर बसला आणि आपल्या कामाला लागला. शिरासाहेबांनी मान फिरवली.

“हा त्यांचा खाजगी मामला आहे,” ते म्हणाले. “त्यावरून निष्कर्ष काढणं मला प्रशस्त वाटत नाही. आणि अंडं एकाचं, घरटं दुसऱ्याचं असंही असतं. कोकिळा बघा.”

“कोकिळा पिशवी नाही विणत, साहेब.”

“अजून सिद्ध झालेलं नाही ते.”

नियम स्वच्छ होता : एकाच जातीला दोन नावं पडली तर आधी छापलेलं राहतं, नंतरचं जातं. म्हणजे माई राहणार आणि अध्यक्ष जाणार. शिरासाहेबांना नियम पाठ होता. प्रश्न होता तो अध्यक्षांना कोण सांगणार, एवढाच. अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं आणि नामनिश्चिती समिती नेमली.

याच सुमारास उद्यान अधीक्षक आले. रस्त्यांवरच्या झाडांचा कारभार त्यांच्याकडे होता. शांत माणूस, बोलताना टोपी हातात घेणारा. समोरच्या झाडांवर शेकड्यांनी पिशव्या लोंबत होत्या आणि शेंडे उघडे पडू लागले होते.

“बाई, ह्या किडीचं नाव सांगा. नावाशिवाय माझा अर्ज पुढे सरकत नाही. नाव मिळालं की माणसं मिळतील, माणसं मिळाली की पिशव्या उतरवून जाळतो.”

“माई,” बाई म्हणाल्या.

“अध्यक्ष,” मागून शिरासाहेब म्हणाले.

अधीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “दोन्ही लिहू?”

“एका किडीला दोन नावं चालत नाहीत,” दोघं एकदम म्हणाले. (त्या वर्षी विभागात झालेलं हे एकमेव एकमत.)

समितीची पहिली बैठक समितीच्या नावावरून गाजली. ‘नामनिश्चिती’ की ‘नामनिर्णय’, यावर मतभेद होते. दुसऱ्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्याने तोडगा सुचवला : नर आणि मादी एकाच जातीचे निघाले असतील तर रीतीप्रमाणे मादीने लग्नानंतर नराचं नाव लावावं, म्हणजे नियमही न मोडता प्रश्न सुटेल. सदस्यांना हा तोडगा माणुसकीचा वाटला. पिशवीबाईंनी विचारलं, “लग्न कुठे झालंय?” तेव्हा चहा मागवण्यात आला.

अधीक्षक अधूनमधून येतच होते. झाडं अर्धी झाली, मग पाऊण गेली.

“बाई, मला कुठलंही चालेल हो,” ते एकदा अगदी काकुळतीने म्हणाले. “आज अध्यक्ष लिहा, उद्या बदला. झाडांना काय कळतंय?”

पिशवीबाई खिडकीपाशी गेल्या. खालच्या झाडांत आता आकाश दिसत होतं. एक सही केली असती तर काम झालं असतं, हे त्यांना कळत होतं. त्या काही दगड नव्हत्या. पण आयुष्यात पहिल्यांदा माईचं नाव कशावर तरी छापलं होतं, आणि ते एका टाकीवाल्याच्या पायाखाली जाऊ द्यायचं? त्यांनी मान हलवली.

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“किती दिवस चालेल तत्त्व?”

“समिती बसेपर्यंत.”

तिसऱ्या बैठकीआधी एक वार्ताहर आला. उजाड रस्ता बघून त्याने संस्थेत येऊन विचारलं, ही कोणती कीड? शिरासाहेबांना संधी मिळाली. त्यांनी छाती काढून नाव सांगितलं, जादा शीर दाखवली, ज्यांच्यावरून नाव दिलं त्या थोर व्यक्तीचा परिचयही करून दिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक मथळा आला : ‘अध्यक्षांनी रस्ता खाल्ला’. खाली बारीक अक्षरांत : ‘झाडांवर हजारो अध्यक्ष लटकले, नर निरुपद्रवी, पण तोंड नाही’.

अध्यक्षांनी समितीला त्याच दिवशी बसायला लावलं. ते स्वतः आले, आणि त्यांनी शास्त्रातल्या अग्रक्रमाच्या नियमावर असं काही भाषण केलं, की जुन्या सदस्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्यापुढे व्यक्ती कोण? आधी छापलेलं नाव ते आधीचं! एका कष्टाळू माउलीचा हक्क आपण बळकावावा, हे आपल्या मनाला पटत नाही! शिरासाहेबांनी ठरावाला अनुमोदन दिलं आणि आपलं पहिल्यापासून हेच मत होतं, असं इतिवृत्तात घालून घेतलं. अध्यक्षांच्या कचेरीतलं चित्र संध्याकाळच्या आत उतरलं. तिथे टाकीचं लागलं.

पिशवीबाई जिंकल्या. आनंद असा झाला, की घरी जाताना त्या उजाड झाडांखालून गेल्या आणि ऊन लागतंय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

अधीक्षक मात्र कामाला लागले. नाव मिळालं होतं. आता जनजागृती आधी, माणसं मग, असा त्यांच्या खात्याचा क्रम होता. आठवड्याभरात रस्तोरस्ती फलक झळकले. वर मोठ्या लाल अक्षरांत :

‘माई दिसता झाडावरी, कात्री लावा सत्वरी!’

आणि खाली : ‘माई ही आपली शत्रू आहे. माईला ओळखा. माईला उतरवा. माईला जाळा.’

पिशवीबाई धावत अधीक्षकांकडे गेल्या.

“अहो, हे काय लिहिलंय? ती माझी आई आहे!”

अधीक्षकांनी टोपी काढली. “नाव तुम्हीच दिलंत, बाई. सही आहे तुमची. आणि सोपं नाव आहे, लोकांच्या तोंडी पटकन बसलं. अध्यक्ष असतं तर यमक जुळलं नसतं.”

बाई तशाच समितीकडे गेल्या. नाव मागे घ्यायचं आहे, म्हणाल्या. शिरासाहेबांनी सहानुभूतीने नियमावली पुढे सरकवली. एकदा छापलेलं नाव कोणालाही मागे घेता येत नाही; देणाऱ्यालाही नाही.

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी बाईंसाठी चहा सांगितला.

घरी माई यंत्रापाशी बसल्या होत्या. यंत्र बंद होतं. सकाळपासून भाजीवाल्याने “माई, अजून झाडावरून उतरला नाहीत?” म्हणून विचारलं होतं, शेजारणीने कात्री दाखवून हसून घेतलं होतं, आणि वरच्या मजल्यावरचं शाळकरी पोर, शिकलेलं, ते छापील पान मराठीत करून वाचून दाखवून गेलं होतं.

“ये, बस,” माई म्हणाल्या. “पंख नाहीत, हे मी समजू शकते. पाय नाहीत म्हणजे काय गं? ‘शरीर मऊ, पिवळट, हालचाल जवळजवळ नाही.’ हे माझ्या नावाखाली लिहिलंस?”

“ते तसं वाचायचं नसतं, माई. ते वर्णन असतं.”

“कोणाचं?”

“अळीचं.”

“मग एखाद्या फुलपाखराला द्यायचं होतंस माझं नाव.”

“फुलपाखरं पहिल्या मजल्यावर असतात. ती आमच्याकडे नाहीत.”

माईंनी चष्मा काढला. त्यांनी आवाज खाली आणला. “खरं सांग. मीच का आठवले तुला ती बघून?”

पिशवीबाई इतकी वर्षं मनात जपलेलं अखेर बोलल्या. “ती कधी बाहेर पडत नाही, माई. सगळं आयुष्य आत बसून विणते. कोणी तिच्याकडे बघत नाही; पुस्तकात अज्ञात म्हणून लिहितात. पण पोरं जगतात ती तिच्यामुळे. मला वाटलं, निदान हिचं तरी नाव लागावं.”

माईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “मी बाहेर पडत नव्हते, हे तुला कोणी सांगितलं?”

“म्हणजे?”

“शिलाईवर दोन माणसं जगतात? पहाटे मी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात जायची. तू झोपलेली असायचीस. तू उठायच्या आत परत येऊन यंत्रावर बसायची, म्हणजे तुला वाटावं आई घरातच आहे. रविवारी आम्ही चार बायका मिळून नदीवर पोहायला जायचो, तुला मावशीकडे टाकून. उड्या मारायचो पुलावरून.” माईंनी हसू दाबलं. “तू मला पिशवीत बघितलंस, बाळा. बाकीचं तू विचारलंच नाहीस.”

शिरासाहेबांच्या ग्रंथांत दहातल्या नऊ माद्या अज्ञात होत्या. दहावी पिशवीबाईंच्या घरात होती, आणि त्यांनी ती ज्ञात म्हणून छापून टाकली होती.

“आता काही बदलता येत नाही का?” माईंनी विचारलं.

“नाही. नियम आहे.”

“मग मर म्हणावं नियमाला. चहा टाक.”

फलक अजून आहेत. माणसं मिळण्याचा अर्ज पुढच्या टेबलावर गेला आहे, आणि तिथे ‘माई’ एकवचन की आदरार्थी अनेकवचन, अशी एक शंका निघाली आहे. झाडांवर पानं नाहीत, त्यामुळे पिशव्या पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतात. बऱ्याचशा हाताला लागतील इतक्या खाली आहेत. लोक फलकापाशी थांबतात, सगळा वाचतात, मग मान वर करून “अच्छा, ही होय ती!” असं समाधानाने म्हणतात आणि ऊन चुकवत पुढे जातात.

तुम्ही जाता त्या रस्त्यावरही अशी झाडं असतील. आता तुम्हाला नराच्या शिरा ठाऊक आहेत, मादीचे हाल ठाऊक आहेत, समितीचं इतिवृत्त ठाऊक आहे आणि किडीचं खरं नाव तर इतरांआधी ठाऊक आहे. पिशवी तोडायला यातलं काहीच लागत नव्हतं. पण बरं वाटलं ना, नाव कळल्यावर?